टोपीच्या पिनेने वाट मोकळी करणारी बर्था

गेल्या गणपतीत माझा भाचा मुंबईहून जुनी प्रीमियर पद्मिनी चालवत दाभोळला आला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची तीच ही गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली, आणि आता पोरांना तिचं भारी वेड लागलंय. गाडी आली थाटात, पण धोपाव्याला जायचं म्हणून जेटीच्या उतारावर नेली आणि फेरीबोटीत चढायच्या ऐन वेळी बंद पडली. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा गोंगाट. चौघांनी ढकलून बाजूला घेतली.

दापोलीहून मेकॅनिक आला. त्याने पेट्रोल टाकीतल्या गंजाचा कण कार्ब्युरेटरमधून काढून दाखवला. मोहरीच्या दाण्याएवढासुद्धा नव्हता! मला आमचा जुना रॉकेलचा स्टोव्ह आठवला. त्याच्या भोकात काजळी अडकली की आपण पिन घालायचो ना, अगदी तसंच. मी मोठ्या हौशीने घरातली स्टोव्हची पिन आणून दिली, तर मेकॅनिकने हात जोडले. पितळेचं ते बारीक भोक मापाचं असतं, पिनेने मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते म्हणे. ते फुंकून साफ करायचं.

भाच्याचा बेत मात्र वेगळाच होता. त्याला हा छोटा कार्ब्युरेटर काढून मोठा, दुहेरी तोंडाचा बसवायचा होता. अमेरिकेतल्या १९६०-७० च्या दांडग्या गाड्यांचे, ज्यांना मसल कार म्हणतात त्यांचे, फोटो त्याच्या मोबाइलमध्ये भरलेले. मेकॅनिकने त्याला एकच विचारलं, गाडी चालवणार कुठे? रेसच्या मैदानावर की दाभोळ-दापोलीच्या चढउतारावर?

तो प्रश्न ऐकला आणि मला बर्था बेंझ आठवली. मर्सिडीज-बेंझमधलं बेंझ हे नाव आपण सगळ्याच ऐकतो. ते कार्ल बेंझचं, पेट्रोलवर चालणारी पहिली मोटार बनवणाऱ्या जर्मन माणसाचं. बर्था ही त्याची बायको. पण नुसती बायको म्हणून तिची ओळख करून देणं म्हणजे तिच्यावर अन्याय होईल.

बर्था रिंगर जन्मली ३ मे १८४९ रोजी, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी. वडील सुतारकाम आणि बांधकामात पैसा कमावलेले. ती जन्मली तेव्हा घरच्या बायबलमध्ये तिच्या जन्माची नोंद करताना पुन्हा मुलगीच झाल्याची खंत लिहिली गेली होती, असं सांगतात. मोठी झाल्यावर ती नोंद बर्थाच्या वाचनात आली. आपल्याकडे असं बायबलमध्ये लिहीत नाहीत, तोंडावर बोलतात, एवढाच फरक.

१८६९ साली एका सहलीत तिची कार्लशी गाठ पडली. कार्ल हुशार, शिकलेला, पण खिशाने फाटका. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीच्या गोष्टी तो तासन् तास बोलायचा आणि ही ऐकायची. त्याच्या कारखान्यातला भागीदार भरवशाचा निघाला नाही. तेव्हा बर्थाने वडिलांकडून आपल्या लग्नाचे पैसे आधीच मागून घेतले आणि त्यातून भागीदाराचा हिस्सा सोडवला. लग्न व्हायचं होतं अजून! ते झालं २० जुलै १८७२ रोजी. तोवर स्वतःच्या पैशावर तिचा हक्क होता, लग्नानंतर तिथल्या कायद्याने तो नवऱ्याकडे गेला. पुढे गाडीचं पेटंट निघालं तेही अर्थात कार्लच्याच नावाने, २९ जानेवारी १८८६ रोजी.

त्या मधल्या चौदा वर्षांत काय काय झालं असेल, ते आपल्याला सांगायला नको. चार मुलं, कर्ज, आणि नवरा रात्रंदिवस कारखान्यात. १८७९ च्या शेवटच्या रात्री जेवणं आटोपल्यावर तिनेच कार्लला, चल, एकदा पुन्हा करून बघू, म्हणून कारखान्यात नेलं आणि त्या रात्री त्यांचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं, ही आठवण त्या घराने जपून ठेवली आहे.

गाडी झाली, पेटंट झालं, पण लोक विकत घेईनात. कार्लचा स्वभाव असा की आणखी थोडं सुधारू, मग दाखवू. गाडी कारखान्याच्या आसपासच फिरायची. बर्थाच्या लक्षात आलं की हे असंच चाललं तर गाडी अंगणातच म्हातारी होईल.

ऑगस्ट १८८८. मुलांना सुट्ट्या. एका पहाटे नवरा झोपेत असताना ती उठली. पंधरा वर्षांचा ऑइगेन आणि तेराचा रिशार्ड या दोन मुलांना घेऊन तिने तीनचाकी गाडी बाहेर काढली, आणि मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. घरात फक्त एक चिठ्ठी, आजीकडे जातो आहोत अशी. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल.

आता या गाडीचा कार्ब्युरेटर कसा होता ते समजून घ्यायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. इंजिनला नुसतं पेट्रोल चालत नाही. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण पंधरा भाग हवा लागते. ती दोन्ही मिसळून देणारं भांडं म्हणजे कार्ब्युरेटर. बेंझच्या गाडीत पेट्रोलची वेगळी टाकीच नव्हती. साडेचार लिटर इंधन त्या भांड्यातच भरायचं, त्याच्या पृष्ठभागावरून हवा खेचली जायची आणि जाताना पेट्रोलची वाफ सोबत घेऊन जायची. कारखान्यात, सपाट फरशीवर हे छान चालतं. खडबडीत रस्त्यावर इंधन डचमळतं. शिवाय हलका अंश आधी उडून जातो, मागे जड उरतं, मग मिश्रण बिघडतं. मोटार घरातली आहे की रस्त्यावरची, हे ठरवणारी जागा ही अशी.

इंधन वाटेत संपलं. तेव्हा पेट्रोल पंप कुठला! वीसलोख गावी ती औषधाच्या दुकानात शिरली आणि लिग्रॉइन मागितलं. कपड्यांवरचे डाग काढायला तिथे ते थोडं थोडं विकायचे. दुकानदाराकडचं ते घेऊन गाडी पुढे निघाली, आणि ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची लांब पिन काढून तिने ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचं आवरण घासून गेलं तेव्हा पायमोज्यांना बांधायचा पट्टा गुंडाळला. इंजिन थंड ठेवायला खानावळी, ओढे, जिथे मिळेल तिथून पाणी. चेन ओढून बसवायला ब्रुखझालला लोहार गाठला. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची कल्पना ती हीच, असं आता मानतात. आणि चढ आला की मुलं खाली उतरून ढकलायची, अगदी आमच्या जेटीवरच्यासारखी.

अंधार पडता पडता माहेर आलं. तिने नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी गाडी चालवतच परतली.

मला तिचं धाडस आवडतंच, पण त्याहून आवडतं ते परत आल्यावरचं. रस्त्यावर जे जे अडलं ते तिने कार्लला नेमकं सांगितलं. चढासाठी आणखी एक, कमी वेगाचा गियर हवा, ब्रेक सुधारायला हवेत. आणि त्याने ते केलं. जास्त वेगाची मागणी तिने केली नव्हती बरं का! चढ चढता यावा, उतारावर थांबता यावं, एवढंच.

पुढे १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख याने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर बनवला. त्यात बारीक भोकातून पेट्रोल हवेच्या झोतात उडतं, आणि भांड्यातली पातळी तरंगता गोळा सांभाळतो. पद्मिनीतला कार्ब्युरेटर त्याचाच नातू-पणतू. या मायबाखच्या मुलाच्या कंपनीची १९३० च्या दशकातली एक गाडी कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आहे. दसऱ्याला निघते ती मेबॅक म्हणजे हीच. ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको.

पुन्हा मेकॅनिककडे येते. त्याने समजावलं ते असं. फुंकणीतून फुंकलं की चूल भडकते, तेच रुंद पाइपातून फुंकून बघा, राखही हलणार नाही. कार्ब्युरेटरचा गळा फार रुंद असेल तर कमी वेगात हवा मंद पडते आणि पेट्रोल नीट उडत नाही. मग सिग्नलला, चढावर पाय दाबला की गाडी आचके देते. अमेरिकन गाड्यांचाही हिशेब त्याने कागदावर मांडून दाखवला. ३५० घनइंचाचं इंजिन मिनिटाला ५५०० फेरे फिरलं, तरी पूर्ण भरलं असं धरून त्याला मिनिटाला साधारण ५५७ घनफूट हवा लागते. प्रत्यक्षात ८०-८५ टक्केच आत जाते, म्हणजे ४५० ते ४७५. तेव्हा रोजच्या रस्त्यासाठी ६०० घनफुटांचा पुष्कळ झाला. पोरं बसवतात साडेसातशे-आठशेचा! चार तोंडांचाच हवा असेल तर दोन तोंडं नेहमीसाठी आणि बाकीची दोन इंजिनने मागितलं तरच, हवेच्या ओढीने उघडणारी, असा घ्यावा. आणि पद्मिनीचं इंजिन तर १०८९ सीसीचं. ते पाच हजार फेऱ्यांनासुद्धा मिनिटाला शंभर घनफूट मागत नाही.

भाच्याचा चेहरा उतरला खरा. मी त्याला बर्थाचं पुढचं आयुष्य सांगितलं. १८९० मध्ये तिला पाचवं अपत्य झालं. १९०३ मध्ये कार्ल मतभेदामुळे आपल्याच कंपनीच्या कामातून बाजूला झाला, आणि १९०६ मध्ये मुलांसोबत लाडेनबुर्गला नवा कारखाना निघाला. १९२६ ला जुनी कंपनी डाइमलरच्या कंपनीत मिळाली, १९२९ ला कार्ल गेला. त्यानंतर पंधरा वर्षं ती एकटी त्या गावात राहिली. ज्या कार्लस्रूहच्या तंत्रविद्यालयात कार्ल शिकला, तिथे तिच्या तरुणपणी मुलींना प्रवेश नव्हता. त्याच संस्थेने तिच्या ९५ व्या वाढदिवशी, ३ मे १९४४ रोजी, तिला मानाचं सदस्यत्व दिलं. दोन दिवसांनी, ५ मे रोजी ती गेली.

भाच्याने जुनाच कार्ब्युरेटर उघडला, टाकी धुतली, पेट्रोलच्या नळीत नवा फिल्टर घातला. अनंत चतुर्दशीनंतर गाडी फेरीबोटीत न अडखळता चढली. मी पुढच्या सीटवर बसले होते.