जमशेटजी टाटा

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे झाला. १८७७ मध्ये त्यांनी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली. त्या काळी गिरण्यांची यंत्रे वाफेवर चालत. त्यासाठी लागणारा कोळसा मुंबईला दूरवरून आणावा लागे, आणि गिरण्यांच्या धुराने शहराचे आकाश काळवंडून जाई.

सह्याद्रीवर कोसळणारे पावसाचे पाणी मात्र व्यर्थ वाहून जात होते. ते लोणावळ्याजवळ अडवून वीज निर्माण करावी, ही डेव्हिड गॉसलिंग यांची कल्पना जमशेटजींनी उचलून धरली. उंचावरचे पाणी नळांतून वेगाने खाली येते व चक्र फिरवते. चक्राबरोबर जनित्र फिरते आणि वीज निर्माण होते. पातळीतील फरकामुळे जसे पाणी वाहते, तसा विभवांतरामुळे तारेतून विद्युतप्रवाह वाहतो. मात्र जनित्रापासून यंत्रापर्यंत जाऊन पुन्हा जनित्राकडे येणारा त्याचा मार्ग अखंड असावा लागतो. या मार्गालाच विद्युत परिपथ म्हणतात. तो कोठेही तुटला की प्रवाह थांबतो.

योजना साकार होण्यापूर्वीच, १९ मे १९०४ रोजी, जमशेटजींचे जर्मनीत निधन झाले. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी ते कार्य खंडित होऊ दिले नाही. १९१० मध्ये मुख्यतः भारतीय भांडवलावर कंपनी स्थापन झाली. १९१५ मध्ये घाटमाथ्याच्या सुमारे ५०० मीटर खाली असलेल्या खोपोली केंद्रातील वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. जमशेटजींच्या निधनानंतर अकरा वर्षांनी त्यांचा संकल्प सिद्धीस गेला.