निकोलो पागानिनी आणि त्याच्यावरील आळ

विद्युत गिटारीवर अत्यंत जलद वादन करण्याच्या एका शैलीला ‘श्रेड’ असे म्हणतात. स्वीडनच्या इंग्वी माल्मस्टीन याचा ‘रायझिंग फोर्स’ हा ध्वनिसंग्रह १९८४ साली निघाला आणि या शैलीला देशोदेशी चाहते लाभले. आपल्यापैकी ज्यांना हे वादन प्रिय आहे, ते आपल्या आवडत्या रचनांची यादी करू लागले म्हणजे तिच्या मुळाशी एक नाव वारंवार सापडते, आणि नवल असे की, त्या नावाचा धनी १८४० सालीच निवर्तला होता. विजेचा दिवासुद्धा ज्याने पाहिला नाही, अशा त्या इटालियन व्हायोलिनवादकाचे नाव निकोलो पागानिनी. माल्मस्टीनने लहानपणी दूरचित्रवाणीवर गिडॉन क्रेमर या व्हायोलिनवादकाकडून पागानिनीच्या रचना ऐकल्या आणि तेच आपल्या गिटारीतून काढण्याचा ध्यास घेतला.

पागानिनीचा जन्म २७ ऑक्टोबर १७८२ रोजी जेनोवा या बंदराच्या शहरी झाला. बाप आंतोनिओ बंदरात लहानसहान व्यापार करी. त्यात बरकत बेताचीच. मॅंडोलिन मात्र तो बरे वाजवी. पाचव्या वर्षी मुलाच्या हाती मॅंडोलिन आले आणि सातव्या वर्षी व्हायोलिन. मुलाच्या बोटांत पैसा आहे हे बापाने लवकरच ओळखले आणि मग त्या घरात खेळणे उरले नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत रियाज. त्यात कुचराई दिसली की जेवण बंद! पुढे पागानिनीने स्वतःच ही हकीकत सांगितली आहे. त्याच्या कलेचा उगम कोठे, असे विचारणाऱ्यांना या एका गोष्टीतून पुष्कळसे उत्तर मिळण्यासारखे होते. परंतु लोकांना त्याहून चमत्कारिक उत्तर हवे होते.

जेनोवातील गुरूंचे ज्ञान लवकरच अपुरे पडले. १७९५ साली बाप त्याला पार्मा येथे आलेस्सांद्रो रोल्ला या नामांकित वादकाकडे घेऊन गेला. रोल्ला आजारी होता. बाहेरच्या खोलीत टेबलावर त्याच्याच नव्या रचनेचे कागद पडले होते. पोराने ते पाहता पाहता वाजवून दाखविले आणि आतला रुग्ण उठून बसला, असे सांगतात. व्हायोलिन शिकविण्यासारखे आपल्यापाशी काही नाही, असे सांगून रोल्लाने त्याला रचनाशास्त्र शिकण्यास दुसऱ्या गुरूंकडे धाडले.

पुढची काही वर्षे त्याने लुक्का येथे काढली. तेथे १८०५ पासून नेपोलियनची बहीण एलिझा हिचे राज्य होते आणि पागानिनी तिच्या दरबारी वादक होता. चारांपैकी एकट्या जाड तारेवर वाजवावयाची ‘नेपोलियन सोनाटा’ ही रचना त्याने १८०७ मध्ये केली ती याच दरबारासाठी. या काळात गिटारही त्याच्या हातात सतत असे. ती त्याने मोठ्या सभांतून वाजविली नाही, पण तिच्यासाठी रचना मात्र पुष्कळ केल्या. आज गिटारवादक त्याला आपला पूर्वज मानतात, त्यात काही ओढाताण नाही. त्याने व एक्तोर बेर्लियोझ याने आपापली सही केलेली एक गिटार पॅरिसच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवली आहे.

त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम १८२० मध्ये मिलानच्या रिकॉर्दी या प्रकाशनगृहाने छापले. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या चोवीस ‘कॅप्रिस’! कॅप्रिस म्हणजे लहरीनुसार केलेली रचना. पण या चोवीस रचनांत लहर कमी आणि हिशेब फार. उजव्या हाताने गज चालू असतानाच डाव्या हाताच्या बोटांनी तार छेडणे, तारेवर गज टाकून तो चेंडूसारखा उसळू देणे, एका वेळी दोन तारांवर सूर चालविणे, असे नाना प्रकार तेथे कागदावर उतरलेले आहेत. पाचव्या कॅप्रिसमध्ये तर गज तीनदा खाली जाताना उसळवावयाचा आणि चौथा सूर वर येताना घ्यावयाचा, अशी खूण पागानिनीने केली आहे. ती इतकी कठीण की पुष्कळसे मातबर वादकही ती बाजूला ठेवून सरळ गजाने तो भाग वाजवितात. संग्रह त्याने कोणा राजाला अर्पण केला नाही. अर्पणपत्रिकेत त्याने एवढेच म्हटले आहे की, हे कलावंतांसाठी.

या अर्पणाचे मोल समजण्यासाठी एक विरोधी गोष्टही सांगितली पाहिजे. पागानिनी आपली विद्या जपणारा होता, किंबहुना कृपणासारखी जपणारा. वाद्यवृंदाबरोबर तालीम करताना तो आपला भाग वाजवीत नसे, आणि कार्यक्रम संपला की वादकांकडून कागद परत गोळा करून घेई. आपल्या पहिल्या कॉन्चेर्तोसाठी तो व्हायोलिनच्या तारा अर्धा सूर चढवून घेई, त्यामुळे त्याचे वाद्य इतरांहून तेजस्वी वाजे. त्याच्या हयातीत त्याच्या अवघ्या पाच कृती छापल्या गेल्या. अशा माणसाने तारुण्यातील आपले सर्व शोध छापून जगाच्या हवाली करावे, हे मला त्याच्या चरित्रातील सर्वांत बोलके कृत्य वाटते. सैतानाशी करार करणारा आपला करार छापून वाटीत नाही.

सैतानाची कथा पसरली ती १८२८ नंतर. त्या वर्षी तो प्रथमच इटालीबाहेर पडून व्हिएन्नाला गेला आणि त्या शहराला वेड लागले. त्याची हाडकुळी देहयष्टी, खांद्यावर रुळणारे काळे केस, काळा वेष, खप्पड गाल. कोणी म्हणे, त्याच्या गजाला मागून सैतान हात देताना मी पाहिला. कोणी म्हणे, खुनाच्या आरोपावरून हा तुरुंगात होता व तेथे व्हायोलिनला एकच तार उरली म्हणून एका तारेवर वाजविण्यास शिकला. खप्पड गालांचे कारण फार साधे आणि फार दुःखाचे होते. त्याच्या रोगावर वैद्यांनी वर्षानुवर्षे पाऱ्याची औषधे दिली होती. १८२८ मध्येच प्राग येथे त्याच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दात गेले. आजाऱ्याचा चेहरा लोकांना सैतानाचा चेहरा वाटला! आपल्यालाही माणसासारखेच आईबाप आहेत हे पटविण्यासाठी त्याला आईचे पत्र प्रसिद्ध करावे लागले, आणि तुरुंगाची कथा खोडून काढण्यासाठी १८३१ मध्ये पॅरिसच्या एका संगीत नियतकालिकात जाहीर खुलासा करावा लागला. हेही खरे की, या अफवांनी तिकिटे खपत, आणि पागानिनीला पैशाचे वावडे नव्हते. त्याच वर्षी लंडनला त्याने इतके दर लावले की गवगवा होऊन ते उतरवावे लागले. जुगाराचा नादही त्याला तरुणपणापासून होता.

याच माणसाने १८३२ मध्ये पॅरिसला पटकीची साथ आली असता रोग्यांच्या मदतीसाठी वादन केले. त्या वादनाला फ्रान्झ लिस्ट हा वीस वर्षांचा पियानोवादक हजर होता. व्हायोलिनवर हा जे करतो ते मी पियानोवर करीन, या हट्टाने लिस्ट घरी जाऊन बसला आणि त्यातून पियानोचे वादनच बदलून गेले. आणि १८३८ च्या डिसेंबरात, बेर्लियोझचे संगीत ऐकून पागानिनी सर्वांसमक्ष त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला व पुढे दोनच दिवसांनी त्या कर्जबाजारी रचनाकाराला त्याने वीस हजार फ्रँक पाठविले.

त्या प्रसंगी पागानिनीला स्वतः बोलता येत नव्हते. घसा पूर्ण गेला होता. १८२५ मध्ये जन्मलेला त्याचा मुलगा आकिले ओठांच्या हालचालीवरून बापाचे शब्द ओळखी व इतरांना सांगे. येथे दुसऱ्या एका बापलेकाची आठवण होते. अमेरिकेचा जेसन बेकर याचा ‘पर्पेच्युअल बर्न’ हा संग्रह १९८८ साली निघाला. पाचव्या कॅप्रिसचे त्याने गिटारीवर केलेले वादन चाहत्यांत प्रसिद्ध आहे. वीस वर्षांचा असतानाच त्याला मज्जातंतूंचा रोग जडला. हातपाय गेले, वाणी गेली. त्याच्या वडिलांनी डोळ्यांच्या खुणांची एक लिपी तयार केली, आणि तिच्या साहाय्याने तो पुढेही संगीत रचीत राहिला.

पाचवी कॅप्रिस गिटारीवर आणणे हे काही केवळ वेगाचे काम नाही. गिटारीला गज नाही. उसळत्या गजाचे काम नखीला करावे लागते, आणि चढउतार करणाऱ्या सुरांसाठी ती एकाच ओघात तारांवरून सरकवावी लागते. १९८६ च्या ‘क्रॉसरोड्स’ या चित्रपटात एका मुलाची सैतानाच्या गिटारवादकाशी झुंज आहे. सैतानाचा वादक झाला आहे स्टीव्ह वाय, आणि मुलगा जिंकतो ती रचना याच पाचव्या कॅप्रिसवर उभी आहे. ती वाजविणाराही वायच. म्हणजे ज्याला लोकांनी सैतानाचा शिष्य ठरविले, त्याच्याच सुरांनी येथे सैतान हरतो. ही गोष्ट पागानिनीला खचित आवडली असती.

त्याच्या स्वतःच्या बाबतीत मात्र आळ इतक्या सहज गेला नाही. २७ मे १८४० रोजी नीस येथे तो मरण पावला. आपला अंत इतक्यात नाही असे वाटून त्याने आलेल्या धर्मगुरूला परत पाठविले होते. अंत्यसंस्काराचे विधी राहून गेले. तेथील बिशपने पवित्र भूमीत दफनास नकार दिला. मसाले भरलेले ते शव आज येथे तर उद्या तेथे असे हिंडत राहिले आणि पोरका झालेला आकिले वरिष्ठांकडे अर्ज करीत राहिला. पार्माच्या दफनभूमीत पागानिनीला जागा मिळाली ती १८७६ मध्ये, मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी. १८९६ मध्ये तेथल्या नव्या दफनभूमीत त्याला पुन्हा हलविले, तेव्हा कोठे तो प्रवास थांबला.

त्याचे १७४३ चे ग्वार्नेरी व्हायोलिन, ज्याला त्याच्या दणदणीत आवाजावरून तो ‘तोफ’ म्हणत असे, त्याने मृत्युपत्राने जेनोवा नगरीला दिले. ते तेथे आहे. निवडक वादकांना अधूनमधून त्यावर वाजविण्याची परवानगी मिळते.