क्लारा फॉन नॉयमन: सिम्युलेशन हाताने इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामर

टर्मिनल उघडायचं, कोंडा-फोर्जवरून ओपनएमसी इन्स्टॉल करायची एक ओळ टाकायची, एन्टर दाबायचं. थोड्या वेळात न्यूट्रॉनचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर. अणूंच्या माहितीच्या फाइल्स मात्र वेगळ्या डाउनलोड करून त्यांचा पाथ द्यावा लागतो, आणि नवख्याचं घोडं तिथेच पेंड खातं. नको झालं तर एन्व्हायर्नमेंट काढायलाही एकच ओळ. (त्या डेटा फाइल्स आठवणीने वेगळ्या डिलीट करा, नाहीतर डिस्कवर तशाच पडून राहतात.)

१९४८ मध्ये याच जातीचं सिम्युलेशन मशीनवर चढवताना क्लारा फॉन नॉयमन यांचं वजन जवळपास सात किलोंनी उतरलं होतं.

क्लारा दान यांचा जन्म १८ ऑगस्ट १९११ रोजी बुडापेस्टच्या एका श्रीमंत ज्यू घरात झाला. लहान वयातच त्या फिगर स्केटिंगमध्ये चॅम्पियन झाल्या. गणिताची पदवी वगैरे काही नव्हती. दोन लग्नं मोडल्यावर १९३८ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्याशी लग्न करून त्या अमेरिकेत, प्रिन्स्टनला आल्या. युद्धाच्या काळात तिथल्या लोकसंख्या संशोधन कार्यालयात त्यांनी आकडेमोडीचं काम केलं.

युद्धानंतर लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेला एक प्रश्न छळत होता: साखळी प्रक्रियेत न्यूट्रॉन नेमके कसे पसरतात? सूत्राने ते सुटेना. मग स्टॅनिस्लॉ उलम यांनी सुचवलं की रँडम आकडे घेऊन एकेका न्यूट्रॉनचा प्रवास खेळून बघावा. हीच मॉन्टे कार्लो पद्धत. जॉन यांनी १९४७ मध्ये आराखडा दिला. पण आराखडा म्हणजे चालणारा कोड नव्हे, हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. फ्लो डायग्रॅमवरून मशीनला कळतील अशा सूचना लिहिण्याचं किचकट काम क्लारांकडे आलं.

मशीन होतं एनिॲक, मेरीलँडमधल्या ॲबरडीनच्या लष्करी तळावर. त्यावर प्रोग्राम बदलायचा म्हणजे केबल्स उपटून पुन्हा जोडायच्या; दिवसच्या दिवस जायचे. जुना अनइन्स्टॉल केल्याशिवाय नवा चढायचाच नाही! १९४८ मध्ये हे बदललं. वायरिंग एकदाच पक्कं करायचं आणि सूचना आकड्यांच्या रूपात फंक्शन टेबलच्या डायलवर लावायच्या, अशी योजना होती. ती आखण्यात ॲडेल गोल्डस्टाइन आणि जीन बार्टिक यांचाही हात होता. अशी तीन टेबलं, प्रत्येकावर बाराशेंहून जास्त डायल. एक डायल चुकला की उत्तर चुकलं. या बदलाने मशीन मंदावलं, पण प्रोग्राम बदलणं कितीतरी सोपं झालं. माझ्या मते सौदा फायद्याचाच होता.

क्लारा आणि निकोलस मेट्रोपोलिस यांनी ॲबरडीनला मुक्काम ठोकून ही नवी पद्धत बसवली, कोड तपासला आणि सिम्युलेशन चालवलं. एकेका न्यूट्रॉनची माहिती एकेका पंचकार्डवर. बाहेर पडलेली कार्डं पुन्हा आत घालायची. दमून परतलेल्या क्लारांची प्रिन्स्टनच्या हॉस्पिटलमध्ये तपासणी करावी लागली. तरी त्याच वर्षी दुसरी फेरी झाली, आणि हे सगळं कसं केलं याचा अहवालही त्यांनी लिहिला. आजच्या भाषेत डॉक्युमेंटेशन. हे सगळं अण्वस्त्रांसाठी होतं, हे विसरून चालत नाही.

१९४९ मध्ये मॉन्टे कार्लो पद्धतीवरचा गाजलेला पेपर आला, त्यावर नावं मेट्रोपोलिस आणि उलम यांची. १९५० मध्ये एनिॲकवर हवामानाचा अंदाज काढला गेला. तेव्हा हवामानतज्ज्ञांना कोडिंग शिकवलं आणि शेवटचा कोड तपासला तो क्लारांनी. पेपरमध्ये त्यांचं नाव आहे, पण आभारात.

१९५७ मध्ये जॉन गेले. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या व्याख्यानांच्या पुस्तकाला क्लारांनी प्रस्तावना लिहिली. मग भौतिकशास्त्रज्ञ कार्ल एकार्ट यांच्याशी लग्न करून त्या कॅलिफोर्नियात ला हॉयाला राहायला गेल्या आणि आत्मचरित्र लिहायला घेतलं. १० नोव्हेंबर १९६३ रोजी तिथल्या समुद्रात बुडून त्यांचा मृत्यू झाला. आत्मचरित्र अर्धंच राहिलं.