झाडीपट्टीचा महाकवी भवभूती

रामकथा आपण कीर्तनात ऐकतो, पारायणात वाचतो. ती रंगभूमीवर उभी करणारा एक थोर कवी भंडाऱ्याच्या बाजूचा होता, हे मात्र पुष्कळ वारकऱ्यांना ठाऊक नसतं. म्हणून या खेपेस भवभूतीचं चरित्र सांगावं असं आम्ही योजलं.

हा कवी इसवी सनाच्या ८ व्या शतकाच्या आरंभीचा. आपलं गाव विदर्भातलं पद्मपूर, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. घर तैत्तिरीय शाखेचं, यज्ञयागाचं. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. तो भाग १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, आता गोंदियात मोडतो. वेगळी मतंही आहेत. आम्हाला मिराशींचं पटतं.

पुढे तो उत्तरेत गेला. कनौजच्या यशोवर्म राजाच्या पदरी तो होता असं कल्हणाने लिहिलं आहे. पण त्याची तिन्ही नाटकं, महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित, लोकांपुढे आली ती राजवाड्यात नव्हे, कालप्रियनाथाच्या यात्रेत! यात्रेकरूंपुढे, बरं का. पंडितांनी नावं ठेवली. त्याने ती मनाला लावून घेतली, पण लेखणी काही खाली ठेवली नाही.

उत्तररामचरितात काय नाही? सीतेने हत्तीचं पिल्लू वाढवलं, ते सालईचा कोवळा पाला हाताने भरवून. ज्या सालईचा डिंक आपण धुपाला जाळतो, तीच ही आपल्या रानातली सालई. वाल्मीकींच्या आश्रमात पाहुणे येतात तर चुलीवर रानभात शिजतो आहे, बोरं घालून केलेल्या भाजीचा वास सुटला आहे, आणि नुकत्याच व्यालेल्या हरिणीने पिऊन उरलेली ऊन पेज हरीण पितो आहे. धानाच्या मुलखातल्या माणसाला पेज काय ते सांगायला नको. पाहुण्यांमुळे अभ्यासाला सुट्टी, म्हणून पोरं खूष. त्यांनी घोडा कधी पाहिलेला नाही. अश्वमेधाचा घोडा दिसताच ती लवाला सांगत सुटतात, लांब शेपूट आहे, चार खूर आहेत, गवत खातो आणि आंब्याएवढी लीद टाकतो! एवढा मोठा वेदशास्त्रसंपन्न पंडित, पण चूल आणि गोठा त्याला हलका वाटला नाही.

शंबूकाचा प्रसंग मात्र आम्हाला टोचतो. कवीलाही तो टोचला असावा. शस्त्र उचलताना राम तिथे आपल्याच हाताला दूषण देतो, आणि दिव्य रूप पावलेला शंबूकच मग त्याला दंडकारण्य दाखवत हिंडतो.

शेवट तर त्याने बदललाच. मूळ कथेत सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीला ते सोसवलं नाही. त्याने गंगेच्या काठी लोक जमवले, गंगा आणि पृथ्वी यांच्या हाती सीतेला परत आणलं. अरुंधतीने भर सभेत अयोध्येच्या लोकांना जाब विचारला, आणि ज्यांनी संशय घेतला होता त्यांनीच सीतेपुढे हात जोडले.