लोकवैद्य रुडोल्फ फिरखो

रोगाचें मूळ केवळ शरीरांत शोधणें पुरेसें नाहीं, हें आम्हांस जर्मन वैद्य रुडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांच्या चरित्रावरून कळतें. १८४८ मध्यें प्रशियन सरकारनें त्यांस अप्पर सायलेशियांत टायफस ज्वराच्या सांथीची चौकशी करण्यास धाडिलें. तेथील उपासमार, दाटीचीं घरें व अज्ञान पाहून, औषधांपेक्षां शिक्षण, लोकसत्ता व पोटभर अन्न यांचीच अधिक गरज आहे, असें त्यांनीं निर्भीडपणें लिहिलें. राजकीय मतांपायीं पुढील वर्षीं त्यांस बर्लिन सोडावें लागलें. तरीही १८५६ मध्यें परतल्यावर त्यांनीं त्याच शहराच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीं झटून काम केलें. हा ज्वर उवांमुळें पसरतो, हें १९०९ मध्यें सिद्ध झालें. परंतु उवाही दारिद्र्यांतच माजतात. म्हणून, विद्यार्थीमित्रहो, रोग्याची नाडी पाहणाऱ्यानें त्याचें घरही पाहावें, असें आम्हांस वाटतें.