१०२४ कप्प्यांचे गणित : काझी अझीझुल हक

बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ या नावाने प्रसिद्ध आहे. एडवर्ड हेन्री हे बंगालच्या पोलीस खात्याचे प्रमुख होते. पण या पद्धतीमागचे गणित मांडले ते एका तरुण भारतीय फौजदाराने. त्यांचे नाव काझी अझीझुल हक.

हक यांचा जन्म १८७२ साली खुलना भागातील पैग्राम कसबा या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते घर सोडून कोलकात्याला आले. तेथे एका कुटुंबाने त्यांना आसरा दिला आणि शाळेत घातले. गणितात हुशार असल्यामुळे ते पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचले.

त्या काळी गुन्हेगाराची ओळख पटवण्यासाठी त्याचे डोके, हात, पाय यांची मापे घेत असत. पण दोन शिपायांनी एकाच माणसाची मापे घेतली तरी ती जुळत नसत. मग जुना गुन्हेगार खोटे नाव सांगून सहज निसटे आणि भलताच माणूस अडकण्याचीही भीती असे. बोटांचे ठसे मात्र आयुष्यभर बदलत नाहीत. अडचण एकच होती : हजारो कागदांच्या ढिगातून नेमका ठसा शोधायचा कसा? हेन्री यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजकडे गणितात तरबेज विद्यार्थी मागितला. प्राचार्यांनी हक यांचे नाव सुचवले आणि ते पोलीस खात्यात रुजू झाले.

हक यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. ज्या बोटावर चक्र असेल त्याला जोडीप्रमाणे १६, ८, ४, २ किंवा १ गुण. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील एका बोटाचे गुण वर मांडायचे, दुसऱ्याचे खाली, आणि दोन्ही बेरजांत १ मिळवायचा. त्यामुळे वरचा आकडा १ ते ३२ आणि खालचाही १ ते ३२. ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४. तेवढ्या कप्प्यांचे कपाट केले की कोणताही कागद कोणत्या कप्प्यात आहे ते लगेच कळते. हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठशाचे वर्णन तारेने पाठवता येईल अशी सांकेतिक पद्धत तयार केली. १८९७ साली कोलकात्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. पुढे १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डनेही हीच पद्धत स्वीकारली.

याच सुमारास जलपाईगुडी येथे चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटीतील बंगाली पंचांगावर रक्ताळलेला ठसा सापडला. तो पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेल्या एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल दिली नाही. पेटीला त्याचा हात लागला हे ठशाने सिद्ध केले होते. वार कोणी केला हे ठसा सांगू शकत नव्हता.

पद्धतीला नाव हेन्री यांचे मिळाले. हक यांनी आपले काम चालूच ठेवले. बऱ्याच वर्षांनी सरकारने त्यांना खानबहादूर हा किताब आणि ५००० रुपये दिले. हक यांचा वाटा मोठा होता, हे हेन्री यांनीही पुढे लेखी कळवले. १९३५ साली बिहारमधील मोतीहारी येथे हक यांचे निधन झाले. पुढे इंग्लंडमधील फिंगरप्रिंट सोसायटीने हक आणि बोस यांच्या नावाने संशोधन पुरस्कार सुरू केला.

आता त्या कपाटाची जागा संगणकाने घेतली आहे. २०२२ मध्ये देशभरातील ठसे एकत्र शोधणारी ‘नॅफिस’ यंत्रणा सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे. त्यासाठी असे तज्ज्ञ हजारोंनी लागतील. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात विद्यार्थ्यांना हे शास्त्र शिकवले जाते आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचाही समावेश आहे.

हक यांचे कपाट फक्त कप्पा दाखवत असे. ठसा जुळतो की नाही, हे भिंग हातात घेतलेला माणूसच ठरवत असे. आजचे यंत्रही जुळण्याजोग्या ठशांची यादी क्षणात पुढे ठेवते, पण तिच्यावर सही करणाऱ्याच्या हाती एखाद्याचे स्वातंत्र्य असते. म्हणून ज्यांना पुढे हे काम करायचे आहे त्यांनी यंत्र चालवायला तर शिकावेच, शिवाय यंत्राच्या पोटातले गणितही शिकावे. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच बोलण्याची सवय लावून घ्यावी. मोठ्या पदावर नसलेल्या एका फौजदाराने वर्गात शिकलेल्या गणिताच्या बळावर जगाच्या पोलिसांना वाट दाखवली, हे आपण कॅडेट्सनी कायम लक्षात ठेवावे.