हरलेल्या शेतकऱ्याचा चित्रकर्ता

कोल्हापूरच्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण कधी घेतले नाही. १८९० साली कारागिराच्या घरात जन्मलेला हा मुलगा हाताला लागेल ते साधन घेऊन शिकत गेला. बंधू आनंदराव यांच्यासोबत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर दोघांना सिनेमाचे वेड लागले. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो घरीच घडवायचे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने बाबूरावांनी अपुरे यंत्र १९१८ च्या सुमारास पूर्ण केले, तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि त्या घरगुती कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) चित्रित झाला. यंत्र ओबडधोबड होते, पण कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले, की सरकारला ते खटकले.

त्यांची खरी परीक्षा मात्र १९२५ साली झाली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’मध्ये देव नव्हते, राजे नव्हते. कर्जापायी जमीन गमावलेला तरुण शेतकरी शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो, एवढीच कथा. ही भूमिका केली होती व्ही. शांताराम यांनी. फ्रान्समध्ये मार्सेल कार्ने यांचा नायक बंद खोलीत पहाटे स्वतःवर गोळी झाडून घेतो, तो चित्रपट १९३९ चा! त्याच्या चौदा वर्षे आधी कोल्हापूरच्या या माणसाने सुटका न देणारा शेवट पडद्यावर आणला होता. वर्धा जिल्ह्यातील गिरडला, बाबा फरीद यांच्या टेकडीच्या परिसरात कापूस पिकवणाऱ्यांना तो मुळीच परका वाटू नये. कर्जग्रस्त शेतकऱ्यांसाठी केंद्राने २००६ मध्ये जाहीर केलेल्या मदतीत विदर्भातील जे सहा जिल्हे होते, त्यांत वर्धाही होता.

पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र या चित्रपटाकडे पाठ फिरवली. बाबूराव पुन्हा पोशाखी पटांकडे वळले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आदी सहकारी बाहेर पडले आणि ‘प्रभात’ उभी राहिली. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही.

तरीही तो विषय त्यांनी सोडला नाही. १९३६ साली ‘सावकारी पाश’ त्यांनी बोलपटाच्या रूपात पुन्हा काढला. पुढच्याच वर्षी आपट्यांच्याच कादंबरीवर शांतारामांनी केलेला ‘कुंकू’ गाजला. सामाजिक वास्तवाचे जे यश गुरूला मिळाले नाही, ते शिष्याच्या पदरात पडले. हा न्याय म्हणावा की नशीब?

पुढे बाबूराव चित्रकला आणि शिल्पकलेत अधिक रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. १९२५ चा तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. उरल्या आहेत त्या पाहणाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी.